बिनट्यूबची हवा

"मग हवा जाते तरी कुठं, चाचा?"

कांचननं हे तिसऱ्यांदा विचारलं. चाचा स्टोव्हला पिन मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"भोक असल्याशिवाय हवा जात नाही, बरोबर ना? मग भोक कुठाय? पट्टी मी दोन वेढे लावली. वॉल्व्ह आवळून बसवला. टायरात दूध मापानं घातलं. तरी हवा उतरतेच."

"उतरती खरी…" चाचा म्हणाले, आणि परत पिन मारायला लागले.

कांचनला असा राग आला की विचारू नका. पण राग गिळण्यावाचून इलाज नव्हता. शनिवारची दुपार झाली होती आणि शर्यत रविवारी सकाळी सातला होती.

ही कांचन बंडगर मेंढरं राखणाऱ्या घरातली. बावीस संपून तेविसावं लागलेलं. पोरगी सायकलवर चढाला लागली की मोटरसायकलवाले वळून बघत. हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. फोनवर चार व्हिडिओ बघितले की त्या विषयातलं कुणी काही सांगायला आलं तर तिचं नाक वर व्हायचं.

आणि चाचा म्हणजे इब्राहीम मुजावर. पिराच्या डोंगराखाली दर्गा आहे, त्याची दिवाबत्ती त्यांच्या घराकडं. सकाळी दर्ग्याचं अंगण झाडायचं आणि मग भिंतीला लागून असलेलं सायकलीचं दुकान उघडायचं, असा चाळीस वर्षांचा नेम. कुणी त्यांना मिस्त्री म्हणे, कुणी बाबा म्हणून पाया पडे. ते दोन्हीला सारखंच "हं" म्हणत.

वेडंवाकडं चाक सरळ कसं करायचं, ते कांचनला त्यांनीच शिकवलं होतं. पण ते शाळेत असतानाचं झालं. आता ती बरीच पुढं गेली होती, असं तिचं मत.

सगळं दुखणं सराट्यांचं होतं.

माणदेशात जो वाढला त्याला सराटा सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. जमिनीला चिकटून वेल पसरते, गोजिरवाणं पिवळं फूल येतं, आणि त्या फुलाचं होतं काटेरी फळ. कसंही टाका, एक काटा वर असतोच. चपलेतून जातो, मेंढराच्या खुरात जातो, मग सायकलीच्या ट्यूबची काय कथा. दिवेलागणीला घरोघरी लोक उंबऱ्यावर बसून आधी तळव्यातले सराटे काढतात, मगच आत जातात. कांचनच्या घरी तर मेंढरांचे खूर बघितल्याशिवाय भाकरी नाही.

डोंगरातली सायकलशर्यत दरवर्षी व्हायची. पहिल्या दोघींना पुण्याच्या सराव शिबिरात वर्षभर ठेवून घेत, राहणं-खाणं धरून. कांचन दोन वर्षं उतरली. दोन्ही वर्षी डोंगर सगळ्यांच्या आधी चढली आणि दोन्ही वर्षी पलीकडच्या माळावर सराट्यांनी तिची ट्यूब फोडली. सायकल खांद्यावर घेऊन ती शेवटच्या रेषेपर्यंत चालत आली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या तिला अजून झोंबत.

हे तिसरं वर्ष, आणि शेवटचं. पुढच्या वर्षी वयात बसत नव्हती.

आईला तिनं शब्द दिला होता, यंदा जमलं नाही तर फलटणला मामाच्या कापडदुकानात बसेन, परत सायकलचं नाव काढणार नाही.

म्हणून यंदा ट्यूबच काढून टाकायची असं तिनं ठरवलं. टायरमध्ये नुसती हवा आणि थोडं पांढरं दूध, म्हणजे दुधासारखं दिसणारं चिकट औषध. काटा घुसला की ते दूध धावत जाऊन भोक बुजवतं. यासाठी तयार चाकं मिळतात. त्यांची किंमत ऐकून आई म्हणाली होती, "सायकल हाय का लगीन?"

मग कांचननं आहे त्याच चाकांवर डोकं चालवलं. जुन्या ट्यूबचे वॉल्व्ह खालच्या रबरासकट गोल कापून घेतले. रिमच्या आतली तारांची भोकं बुजवायला खोकी बांधायची दोरेवाली चिकटपट्टी आणली. दूध आणलं ते स्कूटरच्या टायरमध्ये घालतात तसलं, स्वस्तातलं.

सगळं झालं, पण टायर रिमला धरेना. पायपंपानं मारलेली हवा सगळी कडेनं बाहेर. दोन दिवस पंप मारून मारून तिचे खांदे भरून आले. शेवटी गुरुवारी नाइलाजानं ती चाक घेऊन चाचांकडं आली होती. चाचांनी टायरच्या मधोमध ओली काथ्याची दोरी गुंडाळली, दोरीत काठी घालून पिळली. मध्ये आवळल्यावर टायरच्या दोन्ही कडा फाकून रिमला टेकल्या. मग म्हणाले, "आता मार."

फट्. फट्. दोन्ही कडा बसल्या.

कांचनला आनंदही झाला आणि नाक कापल्यासारखंही झालं. "हे पण व्हिडिओत होतंच," असं ती जाता जाता म्हणाली होती. चाचा "हं" म्हणाले होते.

आणि आज तीच कांचन परत दारात उभी होती. गुरुवारी भरलेली अठ्ठावीस हवा शुक्रवारी बावीसवर. परत भरली. शनिवारी दुपारपर्यंत बावीस.

"मी ट्यूब परत घालते," ती म्हणाली. "निदान डोंगर तरी उतरेन."

"घाल."

"म्हणजे हे जमलं नाही असं म्हणा ना सरळ."

"म्या कुठं काय म्हनालो…"

चाचांनी स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं, आणि उठून तिचं पुढचं चाक काढलं. दर्ग्याबाहेर जनावरांना पाणी प्यायची दगडी डोण होती. त्यात त्यांनी चाक उभं बुडवलं आणि सावकाश फिरवायला लागले.

दोघं वाकून बघत होते. कुठं बुडबुडा येतोय का.

एक फेरा झाला. दुसरा झाला. वॉल्व्ह पाण्याखाली धरून चाचा बराच वेळ थांबले.

पाणी हललं नाही.

मागचं चाक बुडवलं. तेही तसंच.

"न्हाई बया," चाचा म्हणाले. "कुठनंच जात न्हाई."

"पण जाते, चाचा! मी स्वतः मोजलीय."

"मोजलीयस खरी…"

चहा उकळेपर्यंत ती ओट्यावर बसली. बसली म्हणजे टेकली. खिशातून गेज काढलं, हवा मोजायचं गोल घड्याळ असतं ते, आणि पुढच्या चाकाच्या वॉल्व्हवर दाबलं. बावीस. मागच्या चाकाला लावलं. तेवीसला जरा कमी. चहा ओतेपर्यंत तिनं परत पुढचं मोजलं. तिचा जीव असा टांगणीला लागला होता की हाताला काय चाललंय हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

चाचांना दिसत होतं.

"दिवसातनं किती येळा मोजतीस?"

"अर्ध्या तासाला," कांचन जरा ऐटीत म्हणाली. "फोनवर गजर लावलाय. गुरुवारपासून एकदा चुकवलं नाही. झोपायचे तेवढे तास सोडून."

"दोन्ही चाकं?"

"दोन्ही."

चाचांनी चहा तिच्या हातात दिला. स्वतःचा कप खाली ठेवला. दुकानात जाऊन साबणाची वडी आणली, ओल्या तळहातावर घोळून घोळून चांगला फेस केला आणि तो बोटानं पुढच्या चाकाच्या वॉल्व्हवर थापला. एवढा थापला की वॉल्व्ह दिसेनासा झाला.

"आता मोज," म्हणाले.

"आत्ताच तर मोजली."

"मोज की."

तिनं कप ठेवला. वाकून, फेसातून चाचपत, गेज वॉल्व्हवर दाबलं.

स्स्…

फेस उडाला आणि थेट तिच्या नाकावर बसला.

कांचन तशीच वाकलेली राहिली. नाकावर फेस, हातात गेज. चाचांनी परत थोडा फेस घेतला आणि वॉल्व्हवर ठेवला.

"अजून एकदा."

तिनं दाबलं. स्स्… या वेळी फेस गालावर.

ती गेजकडं बघत राहिली. मग चाकाकडं. मग तिनं मनात उजळणी केली, गुरुवारची दुपार, संध्याकाळ, शुक्रवारचा सबंध दिवस, आज सकाळ. दर अर्ध्या तासाला एक बारीकशी फुस्स. पंपाची नळी लावताना एक, काढताना एक.

"चाचा…"

"हं."

"मीच सोडत होते?"

चाचांनी चहाचा घोट घेतला.

कांचन मटकन ओट्यावर बसली. आधी तिला स्वतःच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली. तीन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं, आईवर खेकसली होती, त्या बिचाऱ्या चिकटपट्टीला नाही नाही ते बोलली होती. आणि मग तिला हसू फुटलं. पोट धरून हसली. चाकं ठीक होती. सगळं ठीक होतं. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते काय, हे तिला त्या ओट्यावर कळलं.

हसून झालं. तिनं नाक पुसलं. चाचांनी पंप मारून दोन्ही चाकं भरली, अंगठ्यानं दाबून बघितली आणि वॉल्व्हवर टोपणं बसवली.

कांचनचा हात आपसूक गेजकडं गेला.

"बरोबर अठ्ठावीस झाली का, तेवढंच एकदा…"

चाचांनी हात पुढं केला. तळहात वर, उघडा.

तिला कळलं. पण द्यायला जीव होईना.

"उद्या रस्त्यात कसं कळणार मग हवा आहे का नाही?"

"तू बसनार न्हाईस का सायकलीवर?"

"बसणार ना."

"मग…"

तो हात काही खाली जाईना. तिनं गेज त्यावर ठेवलं. चाचांनी ते कुर्त्याच्या खिशात टाकलं आणि डोणीतलं गढूळ झालेलं पाणी बदलायला निघून गेले.

रविवारी सातला शिट्टी झाली.

डोंगर चढायचं कांचनला कधी जड गेलंच नव्हतं. पिराच्या डोंगराचं वळण मागं पडलं तेव्हा ती दुसरी होती. पुढं कोरेगावची एक पोरगी, लांब पायांची, वाऱ्यावर चालल्यागत चाललेली. मागं कुणी जवळपास नव्हतं.

मग माळ आला.

तोच माळ. पिवळी फुलं सगळीकडं, सकाळच्या उन्हात अशी साजरी की बघणाऱ्यानं फसावं. कांचनची पाचावर धारण बसली म्हटलं तरी चालेल.

टक. टक टक. टायरला सराटे लागल्याचा आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता.

मग मागून स्स् असा आवाज आला आणि पोटरीवर काहीतरी ओलं उडालं. खाली बघितलं तर पांढरे ठिपके.

थांब, तिचं डोकं म्हणालं. थांब आणि मोज.

तिचा हात पाठीवरच्या खिशात गेला. खिसा रिकामा होता.

त्या क्षणी तिनं चाचांना मनात जे काही म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दर्ग्याच्या माणसाला असं बोलू नये.

पण मोजायला काही नव्हतं, म्हणून थांबण्यातही अर्थ नव्हता. ती पायडल मारत राहिली. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला पोटरीवर एक थेंब. स्स्… स्स्… मग थेंब बारीक झाला. मग आवाज अडखळला.

मग नुसता टायर आणि माती.

कांचनला रडू फुटलं. पायडल मारता मारताच. चाक खाली दाबलं जात नव्हतं, रिम दगडावर आपटत नव्हती, सायकल तिच्याखाली टणक होती आणि पळत होती. दोन वर्षं ज्या माळावरून ती सायकल खांद्यावर घेऊन चालली, त्या माळावरून आज ती बसून चालली होती. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही तिनं हात सोडला नाही.

कोरेगावची पोरगी सापडली नाही ती नाहीच. कांचन दुसरी आली.

कागदावर नाव लिहून घेतलं, सही झाली, शिबिराची तारीख सांगितली. आईला फोन लावला. आई म्हणाली, "मामाला कळवते, दुकानात दुसरं मानूस बघ म्हनून." आणि फोन ठेवला. रडायला ठेवला असणार.

कांचन घरी गेली नाही. तशीच दर्ग्याकडं आली.

चाचा दूधवाल्याच्या सायकलीचं चाक तिवईवर लावून बसले होते. चाक केव्हाच सरळ झालेलं दिसत होतं, तरी ते फिरवतच होते. शेजारी चहाचा कप होता, त्यावर साय धरली होती.

"दुसरी," कांचन म्हणाली.

चाचांचा हात चाकावर थांबला. त्यांनी डोळे मिटले, ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं आणि तळहात तोंडावरून फिरवला. मग एवढा मोठा उसासा सोडला की कांचन बघतच राहिली. म्हातारा सकाळपासून श्वास धरून बसला होता की काय कोण जाणे.

"बस," म्हणाले. "च्या गरम करतो."

ती कुठली बसते. तिच्या अंगात वारं शिरलं होतं. चाचा स्टोव्हशी गेले तोवर तिनं सायकल उलटी करून अंगणात उभी केली. माळावर काय झालं, थेंब कसे उडाले, कोरेगावची कशी पळाली, सगळं एका दमात सांगत सुटली. सांगता सांगता टायर फिरवून बघितला.

सराटे. पुढच्या चाकात एका तळहाताएवढ्या जागेत सात. मागच्यात तर मोजण्याची सोय नव्हती.

"बघा हे," ती म्हणाली. "बघा यांना."

तिनं चाचांच्या पेटीतली पक्कड घेतली आणि मांडी ठोकून बसली. आता हे काही तिनं ठरवून केलं नाही. घरी आलं की सराटे काढायचे, हे हाताला लहानपणापासून ठाऊक. पण आज त्यात चव वेगळी होती. दोन वर्षांचा हिशेब चुकता करायचा होता.

पहिला उपटला. स्स्… पांढरा थेंब आला, जागीच थांबला.

"हा गेल्या वर्षीचा," ती म्हणाली, आणि सराटा लांब भिरकावला.

दुसरा उपटला. "हा त्याच्या आदल्या वर्षीचा."

स्स्… हा जरा जास्त वेळ वाजला.

तिसऱ्याला पक्कड लावली तेव्हा चाचा मागं येऊन उभे होते. एका हातात कप, दुसरा हात तिच्या मनगटावर.

"ऱ्हाऊ दे, पोरी."

"राहू दे कसं? काटे आहेत, चाचा. दोन वर्षं यांनीच माझी हवा काढली."

चाचांनी तिच्या हातातली पक्कड हळूच सोडवून घेतली. टायरवर अंगठा दाबून बघितला. टणक होता.

"व्हय," ते म्हणाले. "आन आज त्येच धरून बसल्याती."